हलके मुक्त सॉफ्टवेअर

हलके मुक्त सॉफ्टवेअर : कमी वेगाचा प्रक्रियक, मर्यादित स्मृती व लहान पडदा असलेल्या लॅपटॉपवर समाधानकारकपणे चालेल अशा बेताने रचलेले आणि वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची व इतरांस देण्याची सर्वांना मोकळीक असलेले सॉफ्टवेअर. त्यात परिचालन प्रणाली, पडद्यावरील खिडक्या व चिन्हे यांची व्यवस्था पाहणारा डेस्कटॉप आणि लेखन, हिशेब इ. कामांच्या आज्ञावली यांचा समावेश होतो. संगणक निरुपयोगी केव्हा ठरतो, हे पुष्कळदा त्याच्या झिजेपेक्षा त्यावरील सॉफ्टवेअरच्या वाढत्या मागणीवर अवलंबून असते. त्यामुळे या सॉफ्टवेअरचा इतिहास हा यंत्राचे आयुष्य कोणी ठरवावे, या प्रश्नाचाही इतिहास आहे.

पूर्वपीठिका : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंतून उभ्या राहिलेल्या प्रणालीत गाभा, खिडक्यांची व्यवस्था आणि डेस्कटॉप हे थर परस्परांपासून वेगळे असतात. त्यामुळे एखादा जड थर काढून त्याजागी हलका बसविता येतो. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या बिझीबॉक्समध्ये यूनिक्सच्या अनेक लहान आज्ञा एकाच आज्ञावलीत सामावल्या होत्या. ऑलिव्हिए फूर्दां यांनी १९९६ मध्ये एक्सएफसीई या डेस्कटॉपास आरंभ केला. पुढे केडीई व ग्नोम हे डेस्कटॉप अधिक संपन्न, पण अधिक जड होत गेले, तसतशी हलक्या पर्यायांची गरज वाढली. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांचे पपी लिनक्स (२००३) संपूर्ण प्रणाली स्मृतीत उतरवून घेत असल्याने तबकडीविनाही चालू शके. डॅम स्मॉल लिनक्सने स्वतःवर ५० मेगाबाइटांची मर्यादा घालून घेतली होती. तैवानमधील हाँग जेन यी यांनी २००६ मध्ये एलएक्सडीई हा डेस्कटॉप सुरू केला.

लहान लॅपटॉपांचा उदय : निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये दर मुलामागे एक लॅपटॉप ही योजना जाहीर केली. शंभर डॉलरांत संगणक देणे हे तिचे उद्दिष्ट होते. तिच्या एक्सओ-१ या यंत्राचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झाले. प्रत्यक्षात त्याची किंमत दोनशे डॉलरांच्या जवळपास गेली. त्यात ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती व १ गिगाबाइट साठवण होती. त्यावरील शुगर हा मुलांसाठी रचलेला डेस्कटॉप मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेला असून या तुटपुंज्या यंत्रावर तो संथ चाले. मुक्त असणे आणि हलके असणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे त्यातून दिसून आले.

यूरग्वायने सर्व सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना असे लॅपटॉप दिले. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली. तथापि महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील एका लहान प्राथमिक शाळेत २००७ मध्ये तिचा प्रयोग झाला. पेरूमधील ग्रामीण शाळांच्या २०१२ मधील पाहणीत गणित व भाषा या विषयांच्या प्राप्तीत वाढ आढळली नाही. स्वस्त यंत्र व मुक्त सॉफ्टवेअर यांनीच शिक्षण सुधारते, हे गृहीत त्यामुळे डळमळले.

ऑक्टोबर २००७ मध्ये एसूस या तैवानी कंपनीने ई पीसी ७०१ हा व्यापारी लॅपटॉप आणला. सात इंची पडदा, ५१२ मेगाबाइट स्मृती, ४ गिगाबाइट साठवण आणि लिनक्सवर आधारित झँड्रॉस प्रणाली असे त्याचे स्वरूप होते. पडद्याची उंची अवघी ४८० बिंदूंची असल्याने मोठ्या पडद्यासाठी आखलेल्या चौकटींतील संमतीची बटने पडद्याखाली दडत. हलकेपणा म्हणजे केवळ स्मृतीची काटकसर नव्हे, हे यावरून ध्यानात येते. अशा लॅपटॉपांना नेटबुक हे नाव रूढ झाले.

स्पर्धा व ऱ्हास : मायक्रोसॉफ्टची व्हिस्टा ही तत्कालीन नवी प्रणाली नेटबुकांना झेपणारी नव्हती. म्हणून एप्रिल २००८ मध्ये त्या कंपनीने जुन्या एक्सपी प्रणालीची विक्री स्वस्त लॅपटॉपांपुरती लांबविली. ओळखीची प्रणाली मिळताच बहुसंख्य ग्राहक तिच्याकडे वळले. २०१० नंतर टॅबलेट संगणकांचा प्रसार होऊन नेटबुकांचा बाजार ओसरला. सॉफ्टवेअर मात्र टिकले. एलएक्सडीईवर आधारलेले लुबुंटू २०१० मध्ये आले व २०११ मध्ये त्यास उबुंटूची अधिकृत मान्यता मिळाली. २०१४ मध्ये एक्सपीचा पाठिंबा संपल्यावर असंख्य जुन्या यंत्रांना सुरक्षित राहण्यासाठी अशा प्रणालींचा आधार उरला.

मर्यादा : प्रणाली कितीही हलकी केली, तरी महाजालावरील पाने जड होत गेली. आज ती दाखविणारा ब्राउझरच अनेकदा उरलेल्या सर्व प्रणालीपेक्षा अधिक स्मृती व्यापतो. दुसरी मर्यादा प्रक्रियकाची आहे. २००८ च्या नेटबुकांतील ॲटम एन२७० हा प्रक्रियक ३२-बिट होता. लुबुंटूने २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत अशा यंत्रांना वगळले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी गाभा व स्थापनेची व्यवस्था उरली नाही. मुक्त सॉफ्टवेअरही अखेर ते सांभाळणाऱ्या माणसांच्या श्रमांवर अवलंबून असते. ते श्रम आटले की, कायद्याने मिळालेली मोकळीक व्यवहारात अपुरी पडते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी अनेक यंत्रे सुस्थितीत असूनही अधिकृतपणे जुनी ठरली आणि हलक्या मुक्त प्रणालींचे महत्त्व पुन्हा वाढले. जुन्या यंत्राचे आयुष्य त्या अमर्याद वाढवू शकत नाहीत. परंतु यंत्र टाकून द्यावे की वापरावे, याचा निर्णय काही काळ तरी ते वापरणाऱ्याच्या हाती राहतो.