पाऊस भोरचा, द्राक्षं खालच्यांची

पुणे जिल्ह्यात भोरला लागून असलेल्या वेल्ह्यात द्राक्षाचा वेल लावायला कुणाची आडकाठी नाही. लावावा आणि जूनपर्यंत थांबावं. तोरण्याच्या पायथ्याशी पाऊस एकदा बसला की गणपती विसर्जनापर्यंत हलत नाही. पानाच्या पाठीवर पांढरट बुरशी धरते, कोवळे शेंडे करपतात आणि मुळं पाण्यात उभी राहतात. द्राक्षबागाईतदार ज्या ‘डावणी’ बुरशीच्या नुसत्या नावानं दचकतो, तिला इथं चार महिने मोकळं रान आहे. वेल्ह्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर-दीडशे किलोमीटरवर, अकलूजच्या माळावर, जेमतेम पाचशे. महाराष्ट्राच्या द्राक्षांचा नकाशा हवा असेल तर मातीच्या आधी पर्जन्यमापकाकडे पाहावं. नाशिकचा पूर्व भाग, जुन्नर, बारामती, तासगाव, सोलापूर, सगळे भाग सह्याद्रीच्या पाठीमागच्या कोरड्या पट्ट्यातले. फ्रान्समधल्या वाइनवाल्यांची जमिनीच्या थराथरावर पुराणं असतात. आपल्याकडे पहिला निकाल ढग देतो.

हा वेल दख्खनला नवा नाही. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाच्या काळात दौलताबादेला आलेल्या इब्न बतूतानं तिथल्या द्राक्षांबद्दल लिहून ठेवलं आहे, आणि ती वर्षातून दोनदा येतात असंही. हा ‘दोनदा’ आजच्या बागाईतदाराच्या कामाचा. थंड देशात बर्फ पडतं, वेल झोपतो, वसंतात उठतो. आपल्याकडे त्याला झोपच नाही, म्हणून छाटणी दोनदा करावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार करण्यासाठी. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या सुमाराला गोड छाटणी, फळासाठी. गोड छाटणीनंतर माणसं बागेत ओळीनं फिरतात आणि प्रत्येक काडीच्या वरच्या डोळ्यांना कापडाच्या बोळ्यानं औषध लावत जातात. त्याला ‘पेस्टिंग’ म्हणतात. औषधात रंग मिसळलेला असतो, म्हणजे कोणता डोळा राहिला ते लगेच दिसतं. दोन छाटण्या आणि पीक एक, असा हा आपला हिशोब. युरोपात द्राक्षं सप्टेंबरात खुडतात, आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये.

जुन्या जाती भोकरी, फकडी, पांढरी साहेबी. पुढे खाण्याच्या द्राक्षांचा मोठा पसारा नाशिककडे उभा राहिला. ओझरला 1925 मध्ये रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी केलेल्या लागवडीपासून त्याची सुरुवात सांगतात. मग थॉमसन सीडलेस आली आणि तिनं बाकीच्यांना कोपऱ्यात ढकललं. थॉमसनमधूनच बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ निवडली. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ दिल्या. प्रयोगशाळेच्या आधी हे सगळं शेतकऱ्याच्या मांडवाखाली झालं, ही गोष्ट आपण पुरेशी मिरवत नाही.

वाइनचं द्राक्ष मात्र वेगळ्या घरचं. मणी लहान, साल जाड, बी असलेलं. घड मोठा आणि मणी लांबडा करण्याची जी हौस खाण्याच्या द्राक्षात चालते, ती इथं उपयोगाची नाही. उलट वेलावरचा माल मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे रसाला दाटपणा येतो. 1980 च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळणारी वाइन काढली आणि ‘ओमर खय्याम’ या नावानं परदेशी पाठवली. बारामतीत ‘बोस्का’ बनत असे. नाशिकला राजीव सामंत यांनी 1999 मध्ये ‘सुला’ सुरू केली, 2001 मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. पुढे काही वर्षं जो तो वायनरी काढायला धावला आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे हात पोळले. चौगुल्यांची कंपनीही पुढे मोडीत निघाली.

भोरशी खरा संबंध लागतो तो अकलूजचा. 2007 मध्ये मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतले सेक्की या तीन घरांतल्या भावांनी मिळून तिथं ‘फ्रातेल्ली’ ही वायनरी उभारली. या इटालियन शब्दाचा अर्थच ‘भाऊ’. तस्कनीचे पिएरो मासी वाइन बनवायला आले आणि माळशिरस तालुक्याच्या मुरमाड माळावर सांजोवेझे हे त्यांच्याकडचं काळं द्राक्ष लागलं. ‘सेत्ते’ ही त्यांची नावाजलेली वाइन सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणाची. पाण्याचा निचरा होणारी जमीन, कोरडी हवा, रात्रीचा गारवा, सगळं जमलं. पण ज्या तालुक्यात पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथली बागायत उभी कशावर आहे?

नीरा भोर तालुक्यात शिरगावला उगम पावते आणि अकलूजच्या पुढे नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. वाटेत वेळवंडी आणि गुंजवणी तिला मिळतात. 1876-77 च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला आणि त्याच्या साठ्यासाठी वेळवंडीवर भाटघरला बंधारा घातला. धरण भोर संस्थानात पंतसचिवांच्या हद्दीत, भिजणार होती बारामती-इंदापूरची जमीन. मग तिथंच मोठं लॉईड धरण बांधलं, ते 1928 मध्ये पुरं झालं. उजवा कालवा फलटण-माळशिरसकडे गेला. आज जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. पाणी कमी झालं की कांबरे गावचं जुनं कांबरेश्वराचं मंदिर वर येतं. तिथली माणसं केव्हाच उठून गेली आहेत.

हे पाणी आधी उसानं प्यायलं. सासवडचे माळी कालव्याच्या ओढीनं माळशिरसला गेले आणि 1930 च्या दशकात माळीनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पाणी बेसुमार झालं तसं डाव्या कालव्याखालच्या काळ्या जमिनी पाणथळ होऊन खारवटल्या. द्राक्ष आलं ते या सगळ्यानंतर, ठिबकच्या जमान्यात. खारट पाण्याला तोंड देणारं मूळ हवं म्हणून टेक्सासच्या रानवेलीपासून आलेल्या ‘डॉगरिज’ खुंटावर खाण्याच्या द्राक्षाची कलमं बांधायची रीत पडली. वाइनचे वेलही असेच परक्या खुंटावर चढवतात. मूळ एका मुलखाचं, शेंडा दुसऱ्याचा, पाणी तिसऱ्याचं. वंशावळ लिहायची तर तिसरा मुलूख, म्हणजे भोर, सोडून कसं चालेल? नीरा देवघर धरणाचं पाणीही मुख्यतः खंडाळा, फलटण, माळशिरससाठी. वेल्ह्यातल्या गुंजवणी धरणाचं बरंचसं पुरंदरसाठी.

भोर-वेल्ह्याच्या वाट्याला मग काय? भात. चढावर नाचणी-वरई, खाली खाचरं. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसात चिखलणी करून आवण लावायचं. डोंगरउतारावरची तांबडी माती, साचलेलं पाणी आणि दसऱ्याकडची उघडीप आंबेमोहर भाताला मानवली. भात फुलोऱ्यात आला की वासानं बांधावरच कळतं. पण आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो आणि उतारा कमी देतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून 1987 मध्ये ‘इंद्रायणी’ दिली. ती वासाला थोडी मागे, पण धान्याला भरघोस. शेतकऱ्यानं ती घेतली, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

मध्येच कुणीतरी भोरला वाइन पर्यटन आणायची कल्पना मांडतो. खुशाल तळ्याकाठी बसून अकलूजची वाइन प्यावी. पण इथं द्राक्षाला अनुदान मागणं म्हणजे पावसाशी उगाच भांडण काढणं. या मुलखाला साजणारं वाण फार पूर्वीच सापडलं आहे आणि ते खाचरात उभं आहे. शहरातल्या दुकानांतून परराज्यातला सुवासिक तांदूळ आंबेमोहर म्हणून विकला जातो, तो घेण्याआधी दुकानदाराला गाव विचारा. गाव सांगता आलं नाही तर दिवाळीनंतर एक दिवस काढून भोरच्या बाजारात या आणि शेतकऱ्याकडूनच पोतं घेऊन जा.