मराठवाड्यातील नक्षत्रविषयक लोकसमजुती : अनुभव आणि गणित
(विशेष संदर्भ : नांदेड व लातूर जिल्हे)

प्रस्तावना :
ग्रहताऱ्यांविषयीच्या लोकसमजुती एक तर अंधश्रद्धा म्हणून सरसकट नाकारल्या जातात, अथवा पूर्वजांचे शास्त्र म्हणून सरसकट गौरविल्या जातात. दोन्ही भूमिकांत समजुतीचा उगम तपासण्याचे काम राहून जाते. नांदेड व लातूर हे प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचे जिल्हे होत. येथे नक्षत्राचा संबंध थेट पेरणीशी येत असल्याने कोणती समजूत निरीक्षणातून आली व कोणती केवळ गणितातून, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आकाशाचे दोन वाचक :
ग्रामीण परंपरेत सप्तर्षींचे चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि उरलेले तीन म्हणजे ती पळविण्यास टपलेले चोर. महाराष्ट्रातील गोंड समाजातही ही कल्पना आढळते. मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोंड खगोलविषयक अभ्यासात तिची नोंद आहे. ध्रुवाभोवती फिरणाऱ्या या बाजेवरून रात्रीचा प्रहर ओळखता येतो. चंद्राभोवतीचे खळे पाहून पावसाचा अंदाज बांधण्याची रीतही निरीक्षणातूनच आलेली आहे. याउलट तारा तुटला की कोणाचा तरी मृत्यू होतो, शेंडेनक्षत्र दिसले की राज्यावर संकट येते, या समजुती भयातून जन्मल्या.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. याच संस्थानात १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी स्थापन केलेली निजामिया वेधशाळा आकाशाच्या नकाशाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात सहभागी झाली व तिने लक्षावधी ताऱ्यांची स्थाने नोंदविली. वेधशाळेला ताऱ्यांची स्थाने मोजावयाची होती. कुणब्याला काळ मोजावयाचा होता.

पर्जन्यनक्षत्रे :
शेतकऱ्याचे 'मृग' हे सूर्यनक्षत्र आहे. सूर्य एका नक्षत्रात सुमारे तेरा-चौदा दिवस असतो. ७ किंवा ८ जूनच्या सुमारास तो मृगात प्रवेश करतो, म्हणूनच त्या दिवसांत मृगाचे तारे रात्री दिसत नाहीत. पुनर्वसूचा 'तरणा' व पुष्याचा 'म्हातारा' पाऊस, मघेचा 'सासूंचा' व पूर्वेचा 'सुनांचा' पाऊस ही नावे पावसाचा बदलता स्वभाव घरगुती नात्यांतून सांगतात. उत्तरा व हस्ताच्या पावसावर रब्बी ज्वारीची भिस्त असते.

मात्र हा मेळ सनातन नाही. अयनचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या तुलनेत सत्तर वर्षांत सुमारे एक दिवस पुढे सरकतो. यादवकाळी, म्हणजे १२०० च्या सुमारास, मृग आजच्या ऋतुमानाने मे महिन्याच्या अखेरीस लागत असला पाहिजे. मराठवाड्यात मोसमी पाऊस तर साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पोहोचतो. तेव्हा मृग आणि पेरणी यांची आजची सांगड त्या काळी तशीच असणे संभवत नाही. शेतकऱ्यांनी ती अनुभवानुसार बदलत आणली असावी, असे अनुमान निघते.

वाहनाचे गणित :
पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, गाढव, कोल्हा, उंदीर, घोडा, मेंढा यांपैकी एक वाहन दिलेले असते. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला ९ ने भागावयाचे व बाकीवरून वाहन ठरवावयाचे, अशी ही रीत आहे. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस, असे मानले जाते. या गणितात वारा, ढग वा स्थानिक भूमी यांना कोठेच स्थान नाही. वर्षाला सरासरी सुमारे ८०० मि.मी. पाऊस पडणाऱ्या लातूरला आणि २,५०० मि.मी.हून अधिक पावसाच्या कोकणाला वाहन मात्र एकच!

या फरकाची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते. वाहनावर विसंबून अपुऱ्या ओलीवर पेरणी केल्यास दुबार पेरणीचे संकट ओढवते. बियाणे व खते यांचा खर्च दुप्पट होतो. म्हणूनच ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावाचून सोयाबीनची पेरणी करू नये, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये हा सल्ला दुर्लक्षून चालणार नाही.

समारोप :
नक्षत्रविषयक लोकपरंपरा एकजिनसी नाही. पावसाची लोकनावे ही निरीक्षणाची नोंद असून इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे संकलन व्हावयास हवे. वाहनफल हे निरीक्षणाशिवायचे गणित आहे. ज्या पिढ्यांनी पाऊस पाहून आपली सांगड बदलली, त्यांचा वारसा पेरणीपूर्वी जमिनीतील ओल तपासणाऱ्या शेतकऱ्याकडे आहे, वाहन पाहून तिफण धरणाऱ्याकडे नव्हे.