तबकडी, सीडी आणि माळव्यातील एक मराठी घर

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलविली. तरी शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात आलेली पुष्कळशी मराठी घरे उज्जैनलाच राहिली. घरात मराठी, बाजारात माळवी, शाळेत हिंदी असा त्यांचा संसार. सीमाभागातील वाचकांना यात नवल वाटणार नाही.

या घरांतून गाण्याची आवड टिकली, गाणे वाजविणारी यंत्रे मात्र बदलत गेली. आमच्या घरी सध्या त्यावरूनच वाद आहे. बरीच किंमत मोजून घेतलेला सीडी प्लेअर काढून त्याहून वरच्या दर्जाचा घ्यावा काय? चिरंजीव म्हणतात, घ्यावा. मी इतिहासाचा विद्यार्थी; म्हणून आधी मागे वळून पाहिले.

१९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने भोंग्यात तोंड घालून सुमारे तीन मिनिटांत राग आटोपायचा. १९२५ च्या सुमारास विजेवरील ध्वनिमुद्रण आले, १९४८ मध्ये लाँगप्ले आली. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. तीत दर सेकंदाला आवाजाच्या ४४,१०० नोंदी असतात. माणसाच्या कानाला ऐकू येणारे बहुतेक सारे त्यांत मावते.

आता मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची सीडी घ्या. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांचा सूर जुन्या तबकड्यांवरून सीडीवर आला. त्या दिवशी मायक्रोफोनने जे टिपले नाही, ते कितीही महागडा प्लेअर कोठून आणणार? अलीकडच्या उत्तम ध्वनिमुद्रणात थोडा फरक पडू शकतो, हे मान्य. तोही पारखून घ्यावा लागतो, कारण किंचित मोठा आवाज कानाला सहसा अधिक चांगला वाटतो. इंदूरच्या एका दुकानदाराने नवा प्लेअर दोन दिवस ठेवावयास दिला. दोन्हींचा आवाज सारखा करून, कोणता चालू आहे हे न सांगता सौभाग्यवतींनी आम्हा बापलेकांना दहा वेळा ऐकविले. दोघांचीही उत्तरे नाणेफेकीपेक्षा फारशी बरी निघाली नाहीत.

आमच्या कपाटात दुसरेही काही आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले कन्नडभाषक शिवपुत्र कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व, क्षयाने आजारी असताना १९४८ मध्ये देवासला राहावयास आले. देवास उज्जैनपासून चाळीसेक किलोमीटरवर. तिथे त्यांनी माळवी लोकगीते कानांत साठविली, ती मैफलीत आणली. त्यांच्या गाण्याने भारलेल्या आमच्या वडिलांनी माळव्यातल्या घरगुती बैठकी, आजीची माळवी गाणी, पाहुण्यांची मराठी पदे फितींवर उतरवून ठेवली. त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. खाँसाहेबांची सीडी हरवली तर दुसरी मिळेल. या फितींवरील चुंबकीय लेप मात्र दमट हवेत सुटू लागला आहे, आणि त्या वाजविणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे हातही कमी झाले आहेत.

म्हणून ठरविले: प्लेअर आहे तोच ठेवावयाचा, त्याची लेसर-भिंग साफ करून घ्यावयाची, आणि नव्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून फितींच्या संगणकीय प्रती करून घ्यावयाच्या. चिरंजीवांनीही शेवटी होकार दिला. प्रत्येक फितीवर कोण गाते, केव्हा, कुठे, हे लिहून ठेवण्याचे काम त्यांच्याकडेच आहे.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. तीत मराठी असेल, कानडीही असेल. नवे यंत्र पाहावयास जाण्यापूर्वी ती एकदा खाली काढावी, आणि आवाज ओळखणारी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून ऐकावी.