निजामाचे हजार पौंड आणि बोईसरची एंडोस्कोपी

निजाम म्हटला की आपल्याकडे रझाकार आठवतात. पण सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी भूल सुरक्षित व्हावी म्हणून पैसा मोजला, हे फारसे कुणी सांगत नाही. मराठवाडा तेव्हा त्यांच्याच राज्यात होता.

१८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आला. शस्त्रक्रियेच्या वेदना टळल्या, पण धडधाकट माणसेही टेबलावरच दगावू लागली. आधी हृदय थांबते की श्वास? हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी सांगत, नाडी सोडा, श्वास पाहा. १८८८ मध्ये पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याच्या निष्कर्षावर ‘लॅन्सेट’ने शंका घेतली, तेव्हा निजामाने १,००० पौंड दिले आणि १८८९ मध्ये लंडनहून लॉडर ब्रंटन हैदराबादेत आले. शेकडो मुक्या जनावरांवर प्रयोग झाले. लॉरींच्याच हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या भूल देणाऱ्या सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांपैकी एक.

दुसऱ्या कमिशननेही लॉरींचीच बाजू घेतली. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवले की हलक्या भुलीतही हृदय अचानक बंद पडू शकते. म्हणजे लॉरी अर्धेच बरोबर होते. श्वास आणि हृदय, दोन्हींवर नजर हवी.

क्लोरोफॉर्म गेला, प्रश्न राहिला. पालघर किंवा बोईसर-तारापूरच्या एखाद्या घरात मतिमंद वा सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा असतो. पोट दुखते, पण त्याला सांगता येत नाही. दुर्बीण घालताना तो शांत राहणार नाही, म्हणून गुंगी लागते. अशा रुग्णाला गिळण्याचा त्रास असेल, तर पोटातले फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. डाउन सिंड्रोममध्ये जीभ मोठी, मान नाजूक असू शकते. फिटची औषधे चालू असतील तर तीही आधी सांगावी लागतात. मिडाझोलामवर उतारा आहे, प्रोपोफोलवर नाही.

म्हणून आईवडिलांनी संकोच न करता विचारावे: दुर्बीण घालणाऱ्याखेरीज केवळ श्वास आणि नाडी पाहणारा वेगळा माणूस आहे का? ऑक्सिजन, मॉनिटर आहे का? किती तास उपाशी ठेवायचे? आणि पोराला पूर्ण शुद्ध येईपर्यंत आई जवळ बसू शकेल का?

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाने हाच प्रश्न महत्त्वाचा मानला. ज्याला स्वतः बोलता येत नाही, त्याच्या वतीने तो विचारणे हे आपले काम आहे.