मूलपेशी प्रत्यारोपण : नात्याबाहेरचा दाता कसा निवडतात?

रक्ताचा कर्करोग, अप्लास्टिक ॲनिमिया, थॅलेसेमिया यांसारख्या गंभीर विकारांत दुसऱ्या व्यक्तीच्या रक्तमूलपेशी रुग्णाच्या शरीरात सोडणे हा पुष्कळदा पूर्ण बरे होण्याचा एकमेव मार्ग उरतो. दात्याचा शोध सुरू झाला की नातेवाईक प्रथम रक्तगट विचारतात. वस्तुतः रक्तगट येथे दुय्यम असतो. तो निराळा असला तरी प्रत्यारोपण करता येते. इतकेच नव्हे, तर ते यशस्वी झाल्यावर रुग्णाचा रक्तगटच कालांतराने बदलून दात्याचा होतो.

निर्णायक ठरते ती एचएलए प्रथिनांची जुळणी. ही प्रथिने शरीरातील बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर असतात आणि आपले कोण व परके कोण हे प्रतिकारशक्ती त्यांवरूनच ओळखते. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्ये त्यांपैकी पहिल्या प्रथिनाचे वर्णन केले. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांलगत असल्यामुळे मूल आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन संच बहुधा अखंड स्वरूपात घेते. म्हणून सख्खे भावंड पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडे असली तरी ती ४४ टक्क्यांच्या आसपासच जाते. उरलेल्यांना परक्या माणसाकडे वळावे लागते.

अशा परक्यांची पहिली मोठी नोंदवही लंडनमध्ये १९७४ साली शर्ली नोलन यांनी सुरू केली. त्यांच्या अँथनी या मुलाला प्रतिकारशक्तीचा जन्मजात दुर्मीळ विकार होता. दाता न मिळताच १९७९ मध्ये तो दगावला. नोंदवही मात्र आजही त्याच्या नावाने चालते. आता जगभरच्या नोंदवह्यांत मिळून चार कोटींहून अधिक दाते आहेत आणि एका देशातील रुग्णासाठी दुसऱ्या देशातील दाता शोधता येतो. भारतात चेन्नईची ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून हे काम करते. नोंदणीसाठी गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो.

शोध घेताना ए, बी, सी आणि डीआरबी-१ या चार जनुकांच्या प्रत्येकी दोन प्रती ताडून पाहतात. आठपैकी आठ जुळणे ही चांगली जुळणी; डीक्यूबी-१ धरले तर दहापैकी दहा. एखादी प्रत जुळली नाही, तर दात्याच्या पेशी रुग्णाची त्वचा, यकृत व आतडी यांवर हल्ला चढवण्याचा धोका वाढतो. जुळणारे अनेक दाते सापडणे ही चैन थोड्यांच्याच वाट्याला येते. तसे झाले तर तरुण दात्याला पसंती मिळते, कारण त्याच्या पेशींचे परिणाम अधिक चांगले असल्याचे आढळले आहे. त्यानंतर सायटोमेगॅलो विषाणूचा पूर्वसंसर्ग, वजन आणि रक्तगट पाहतात. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रीच्या प्रतिकारपेशी परक्या प्रथिनांविरुद्ध आधीच सजग झालेल्या असू शकतात, म्हणून शक्य तेथे पुरुष दाता निवडला जातो.

जुळणीचा वांशिकतेशी निकटचा संबंध आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदवहीच्या आकडेवारीनुसार पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता गौरवर्णीयांना ७९ टक्के, तर कृष्णवर्णीयांना २९ टक्के आहे. भारतात पिढ्यान् पिढ्या जातीअंतर्गत विवाह होत आल्याने विशिष्ट संच विशिष्ट समाजांत अधिक आढळतात. एखाद्या लहान समाजातील रुग्णाला जर्मनीच्या प्रचंड नोंदवहीपेक्षा त्याच समाजातील काही हजार तरुणांची नोंदणी अधिक उपयोगी पडू शकते. भारतीय दात्यांची संख्या मात्र लोकसंख्येच्या मानाने अत्यल्प आहे. अलीकडे प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन अर्ध्या जुळणीच्या आई-वडिलांच्या किंवा मुलांच्या पेशीही वापरता येऊ लागल्या आहेत. त्यामुळे दाता नाही म्हणून उपचारच नाहीत, अशी स्थिती पूर्वीइतकी राहिलेली नाही.

नाव निघाल्यावर दात्याची पुन्हा रक्तचाचणी व संपूर्ण आरोग्यतपासणी होते. बहुतेकदा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी मज्जेतून रक्तात आणतात आणि यंत्राद्वारे काही तासांत वेगळ्या काढतात. अंगदुखी होते, पण ती तात्पुरती असते. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून थेट मज्जा काढली जाते. पाठीच्या कण्याला कोणी हात लावत नाही. ही भीती निराधार असूनही घरोघरी ऐकू येते.

नोंदणी केली म्हणजे दान बंधनकारक होत नाही. ऐन वेळी घरच्यांनी अडवल्यामुळे माघार घेणारेही असतात. पेशी देण्याच्या सुमारे आठवडाभर आधी रुग्णाला तीव्र औषधे किंवा किरणोपचार सुरू होतात आणि त्याची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते. त्यानंतर दाता फिरला, तर रुग्णाकडे परतीचा मार्ग उरत नाही. म्हणून तपासणीच्या टप्प्यावरच दात्याला आणि शक्यतो त्याच्या कुटुंबालाही हे समजावून सांगितले जाते, आणि अखेरची संमती त्यानंतर घेतली जाते.