मोमीनपुरा: एका नावाचे वाचन

नागपूरचा इतिहास बहुधा बख्त बुलंद शाह आणि भोसले यांच्यापासून सांगितला जातो. मित्रासोबत इतवारीतून मोमीनपुऱ्याकडे पायी जाताना आम्हांला तो हातमागापासून वाचावासा वाटला. या शहरात कोष्टी तलम, किनारीचे कापड विणत. महार जाडेभरडे विणत. आणि ‘मोमीन’ हे मुसलमान विणकरांचे नाव. जातिधर्म निराळे, पण पोट सुतावरच. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा हातमागाच्या पोटावर पाय आला आणि अनेक विणकर गिरणीत शिरले. २००२ मध्ये तीही बंद पडली. आज मोमीनपुरा हे नाव केवळ धर्माचे म्हणून वाचले जाते. त्यातला धंदा विसरला, की विणकरांचे सामाईक शहरही नजरेआड होते.