निळ्या गोळ्याचे दुकान

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ग्रॅनरी नावाची एक जुनी दफनभूमी आहे. सॅम्युअल अ‍ॅडम्स, जॉन हॅनकॉक, पॉल रिव्हिअर अशी अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातली मोठमोठी माणसे तिथे विसावली आहेत. पण आत शिरल्यावर नजरेत भरतो तो मधोमध उभा असलेला ग्रॅनाइटचा उंच स्तंभ. त्यावर मोठ्या अक्षरांत एक आडनाव कोरले आहे : फ्रँकलिन. बघणाऱ्याला साहजिकच वाटते, की वादळात पतंग उडवून आकाशातली वीज ओळखणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनची ही समाधी असणार. पण तो तिथे नाही. त्याला फिलाडेल्फियात पुरले. या स्तंभाखाली आहेत त्याचे आईवडील. वडील जोसाया हे चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करून विकणारे दुकानदार होते. त्यांच्याविषयी आज मला बोलायचे आहे.

थोर माणसाचा बाप एवढीच जोसायाची ओळख असती, तर मी हा विषय घेतला नसता. पण मला हा माणूस त्याच्या स्वतःच्या आयुष्यासाठी महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्यांची घरे सांभाळण्याची जबाबदारी गावाने त्याच्यावर टाकली होती. आणि त्याच काळात त्याच्या स्वतःच्या घरातून मुले एकामागून एक निघून जात होती. या ताणात त्याने काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

जोसायाचा जन्म २३ डिसेंबर १६५७ रोजी इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातल्या एक्टन या खेड्यात झाला. घराणे लोहाराचे. सुमारे तीस एकर जमीन आणि भट्टी, यांवर पिढ्यान् पिढ्या घर चालले. थोरला मुलगा भात्यापाशी बसायचा, धाकट्यांनी दुसरे काहीतरी शोधायचे. जोसाया भावांत सर्वांत धाकटा.

या घराण्याची एक आठवण बेंजामिनने लिहून ठेवली आहे. सोळाव्या शतकात मेरी राणीच्या राज्यात प्रोटेस्टंट लोकांना धर्मापायी जिवाची भीती होती. तेव्हा जोसायाच्या पूर्वजांनी इंग्रजी बायबल एका स्टुलाच्या आतल्या बाजूला फितींनी बांधून ठेवले होते. वाचायचे तेव्हा स्टूल उलटे करून मांडीवर घ्यायचे आणि एक मूल दारात पहाऱ्याला उभे करायचे. धर्मन्यायालयाचा माणूस येताना दिसला, की स्टूल पुन्हा सरळ! बायबल आत गुप्त. पुढे जोसायाच्या वेळी राज्यकर्ते बदलले होते, पण सरकारमान्य चर्चखेरीज वेगळी उपासना करणाऱ्यांच्या बैठकांना कायद्याने बंदी होती. जोसाया अशा बैठकांना जाणाऱ्यांपैकी होता. म्हणून १६८३ साली, ऐन पंचविशीत, पत्नी अ‍ॅन आणि तीन लहान मुलांना घेऊन तो बोस्टनला आला.

इंग्लंडमध्ये तो भावाच्या हाताखाली रंगाऱ्याचा धंदा शिकला होता. रेशमी कापड रंगवण्यात तयार झाला होता. पण बोस्टन हे साध्या राहणीचा आग्रह धरणाऱ्या प्युरिटन लोकांचे, जेमतेम काही हजार वस्तीचे बंदर. तिथे रेशीम रंगवून घेणार कोण? रंगकामावर एवढे घर चालेना. तेव्हा रोज लागणारी वस्तू विकायची, असे जोसायाने ठरवले. रात्र सगळ्यांनाच होते आणि कपडे सगळ्यांचेच मळतात. त्याने मेणबत्त्या आणि साबण करायला घेतले.

आपण सवयीने मेणबत्ती म्हणतो, पण यात मेण नव्हते. खाटकाकडून आणलेली गुरामेंढरांची चरबी कढवायची, गाळायची, त्यात वाती पुन्हा पुन्हा बुडवायच्या किंवा साच्यात ओतायच्या. लाकडाच्या राखेतून क्षाराचे पाणी काढायचे आणि त्यात चरबी शिजवून साबण करायचा. दिवसभर चुलीची धग आणि कढत्या चरबीचा वास. सुरुवातीला हे कुटुंब मिल्क स्ट्रीटवर भाड्याच्या घरात राहत होते. तिथेच १७ जानेवारी १७०६ रोजी बेंजामिन जन्मला. १७१२ साली जोसायाने युनियन आणि हॅनोव्हर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर स्वतःचे घर घेतले. त्या काळी घरांना नंबर नसत. दुकानाची खूण म्हणून पाटी टांगत. जोसायाची खूण निळा गोळा.

१६८९ साली अ‍ॅन बाळंतपणानंतर वारली. घरात लहान मुले. त्याच वर्षी जोसायाने नॅनटकेट बेटावरच्या अबाया फोल्जरशी लग्न केले. पहिलीची सात आणि दुसरीची दहा अशी एकूण सतरा मुले झाली. एका वेळी तेरा मुले जेवायला बसलेली बेंजामिनला आठवत होती. पण सगळी जगली नाहीत. १७०३ साली एबेनेझर नावाचे सोळा महिन्यांचे मूल घरातल्याच साबणाच्या पाण्याच्या टबात बुडून गेले. ज्या टबावर घर जगत होते, त्यातच पोर गेले. दुसऱ्या दिवशीही चूल पेटवावीच लागली असणार.

आता त्याच्या गावकीकडे वळू. १६९४ मध्ये जोसाया ओल्ड साऊथ या चर्चचा पूर्ण सभासद झाला आणि १६९७ मध्ये त्याला ‘टायदिंगमन’ नेमले. हा शब्द दहा या संख्येवरून आला आहे. शेजारच्या दहाबारा घरांवर लक्ष ठेवणे हे टायदिंगमनचे काम. रविवारी लोक प्रार्थनेला येतात का, तिथे डुलक्या तर घेत नाहीत ना, रात्री-अपरात्री कोण भटकते, कोण दारू पिऊन गोंधळ घालतो, हे सारे त्याने पाहायचे. पुढे १७०३ मध्ये तो बोस्टनच्या कॉन्स्टेबलांपैकी एक झाला. आज कॉन्स्टेबल म्हटले की पगारी पोलीस डोळ्यांसमोर येतो. तेव्हा हे काम गावातल्याच कुणा कारागिराच्या किंवा दुकानदाराच्या गळ्यात पडे. पगार नाही, वेळ जातो आणि शेजाऱ्यांचा रोष पदरी येतो. म्हणून दंड भरून हे पद टाळणारेही पुष्कळ होते. जोसायाने ते केले. अर्थात तो दुकानदार होता. रात्रीच्या गस्तवाल्यांना उजेड लागतो, आणि मेणबत्त्या त्याच्याच दुकानातून जात!

पण त्याला गावात मान होता तो पदापेक्षा सल्ल्यामुळे. बेंजामिन सांगतो, की गावातली प्रमुख माणसे घरी येऊन वडिलांचे मत विचारत आणि भांडणाऱ्या दोन बाजू त्यांना पंच नेमत. जेवणाच्या वेळी जोसाया एखाद्या समंजस शेजाऱ्याला मुद्दाम बोलावत असे आणि मुलांच्या कानांवर पडावा असा विषय काढत असे. ताटात काय वाढले आहे, चांगले की वाईट, याची चर्चा त्या घरात होत नसे. दिवसाचे काम संपले, की तो व्हायोलिन घेऊन स्तोत्रांच्या चाली वाजवी आणि गाई. त्याचा आवाज गोड होता.

गावाचा पंच झालेल्या या माणसाचे स्वतःच्या घरात मात्र सारे सुरळीत नव्हते. त्याच्याच नावाचा त्याचा मुलगा, धाकटा जोसाया, घर सोडून जहाजावर निघून गेला. नऊ वर्षांनी, १७१५ साली, तो परत आला. घरात आनंद झाला. पण तो पुन्हा समुद्रावर गेला आणि कायमचा नाहीसा झाला.

हे लक्षात ठेवून पुढची गोष्ट ऐकायला हवी. बेंजामिन हा दहावा मुलगा. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला द्यावा, तसा हा दहावा मुलगा धर्मकार्याला द्यायचा, असे वडिलांच्या मनात होते. आठव्या वर्षी त्याला लॅटिन शाळेत घातले. मुलगा हुशार निघाला, वर्षाच्या आत वरच्या वर्गात गेला. पण एवढ्या मोठ्या कुटुंबाला कॉलेजचा खर्च झेपणार नाही, हे पाहून वडिलांनी त्याला काढून लेखन आणि गणिताच्या शाळेत घातले, आणि दहाव्या वर्षी दुकानात आणले. वाती कापणे, साचे भरणे, गिऱ्हाईक पाहणे, निरोप पोचवणे ही त्याची कामे. मुलाला ते अजिबात आवडेना. त्याला समुद्र खुणावू लागला.

वडिलांनी काय केले असेल? त्या काळी बापाचा शब्द हाच कायदा. शिवाय हा बाप दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त लावण्यासाठी गावाने नेमलेला. पण जोसाया मुलाचा हात धरून त्याला गावातल्या कारखान्यांतून हिंडवू लागला. सुतार, गवंडी, कातारी, तांबट कामाला बसलेले असत. बापलेक उभे राहून पाहत. मुलाचे डोळे कुठे रेंगाळतात हे बाप न्याहाळत असावा. जमिनीवरचा एखादा धंदा त्याच्या मनात भरला, तर समुद्राचा नाद सुटेल, हा हेतू. एक मुलगा गमावलेल्या माणसाने दुसऱ्याला धरून ठेवण्यासाठी दारे बंद केली नाहीत, उलट गावातली सगळी दारे त्याला उघडून दाखवली. बेंजामिनने उतारवयात लिहिले आहे, की चांगला कारागीर हत्यार चालवताना पाहण्याचा आनंद मला तेव्हापासून लागला, आणि प्रयोगांसाठी लहानसहान यंत्रे स्वतः करता आली ती त्या फेरफटक्यांमुळे.

आधी सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या पुतण्याकडे त्याला ठेवून पाहिले. पुतण्याने शिकवण्याचे पैसे मागितले. वडिलांना ते रुचले नाही. मुलाला पुस्तकांचे वेड होते, म्हणून १७१८ साली, बाराव्या वर्षी, मोठा भाऊ जेम्स याच्या छापखान्यात करार करून उमेदवार ठेवले. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत तिथे राहायचे, असा तो करार होता.

निवड अचूक होती, पण शांतता मिळाली नाही. जेम्सने १७२१ मध्ये वृत्तपत्र काढले आणि १७२२ मध्ये सत्ताधाऱ्यांना टोमणा मारल्याबद्दल तो महिनाभर तुरुंगात गेला. कधीकाळी कॉन्स्टेबल असलेल्या माणसाचा मुलगा गावच्या तुरुंगात! इकडे दोघा भावांचे पटेना. जेम्स मारायचा. भांडण वडिलांपुढे येई आणि निकाल बहुधा धाकट्याच्या बाजूने लागे. १७२३ मध्ये मात्र बेंजामिन करार मोडून निघू लागला, तेव्हा वडील जेम्सच्या बाजूने उभे राहिले. मुलगा पळाला. पुस्तके विकून, कुणाला न सांगता, जहाजात बसून. समुद्राने नाही, तरी दुसऱ्या गावाने त्याला नेलेच.

सात महिन्यांनी तो फिलाडेल्फियाहून परत आला, तो तिथल्या गव्हर्नरचे पत्र घेऊन. मुलाला स्वतंत्र छापखाना काढून द्या, असा त्यात आग्रह होता. दुसरा बाप हुरळून गेला असता. जोसायाने पत्र वाचले, विचार केला आणि नाही म्हटले. अठरा वर्षांच्या पोराला धंदा थाटून द्यायला निघालेला गव्हर्नर फारसा विचारी नसावा, असे त्याचे मत पडले. पण मुलाला त्याने सांगितले, की कष्ट कर, काटकसर कर. एकविसाव्या वर्षी थोडे कमी पडले तर उरलेले मी घालीन. गव्हर्नर पुढे खरोखरच बोलघेवडा निघाला. त्याच्या शब्दावर लंडनला गेलेला बेंजामिन तिथे हात हलवत उभा राहिला. महत्त्वाचे हे, की या वेळी बोस्टन सोडताना मुलगा पळाला नाही. आईवडिलांचा आशीर्वाद घेऊन गेला.

हे चित्र इथेच संपवले तर अपुरे राहील. १७१३ सालच्या बोस्टनच्या वृत्तपत्रात एक जाहिरात आहे : तीन काळे पुरुष आणि दोन स्त्रिया विकायच्या असून निळ्या गोळ्याच्या पाटीच्या घरी, जोसाया फ्रँकलिन यांच्याकडे पाहायला मिळतील. आणि १७२२ साली पळून गेलेल्या आयरिश नोकराचा शोध घेण्यासाठी जोसायाने जाहिरात दिली. पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा असाच करार मोडून पळाला. शेजाऱ्यांना न्याय देणाऱ्या पंचाच्या घरात माणसे विक्रीला उभी होती, आणि त्याला किंवा त्याच्या गावाला त्यात विसंगती दिसली नाही.

मुलींनाही कुणी कारखाने दाखवत हिंडवले नाही. सर्वांत धाकटी जेन बेंजामिनची लाडकी बहीण. तिला शाळा मिळाली नाही, पंधराव्या वर्षी लग्न झाले. बारा मुलांपैकी अकरा तिच्या डोळ्यांदेखत गेली. घराण्याचा साबण करण्याची विद्या मात्र तिने जपली. भाऊ जगप्रसिद्ध झाला तरी तिच्याकडून तो साबण मागवी आणि फ्रान्समधल्या मित्रांना भेट देई.

जोसाया जानेवारी १७४५ मध्ये, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. अबाया १७५२ मध्ये गेली. बेंजामिनने त्यांच्यासाठी संगमरवरी शिळा बसवली. ती झिजल्यावर बोस्टनच्या नागरिकांनी १८२७ साली आजचा स्तंभ उभारून तोच मजकूर त्यावर पुन्हा कोरला. त्यात वडिलांचे वय चुकून एकोणनव्वद पडले आहे. टायदिंगमन, कॉन्स्टेबल या पदांचा त्यात उल्लेख नाही. मुलाने लिहिले ते एवढेच, की या दोघांनी पंचावन्न वर्षे प्रेमाने संसार केला. मालमत्ता नसताना, मोठ्या कमाईचा हुद्दा नसताना, निव्वळ कष्टांवर तेरा मुले आणि सात नातवंडे वाढवली.

शिळा बसवणाऱ्याने स्वतःचे नावही त्यावर घातले नाही. सर्वांत धाकटा मुलगा, एवढीच त्याने आपली ओळख दिली आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)